आभार न मानणाऱ्या घरातलं इंग्रजी

शैलामॅडम काल संध्याकाळी गेल्या.

ही पोस्ट रडकी होणार नाही. त्यांची आठवण आली की मला अजून धावत सुटावंसं वाटतं.

कोल्हापुरात, राजारामपुरीत त्यांच्या हॉलमध्ये इंग्रजीचा क्लास असायचा. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, क्वालिटीला. सुटले की स्कूटर थेट तिकडे. मला एकच पाहिजे होतं. परदेशातल्या कस्टमरचा व्हिडिओ कॉल स्वतः घ्यायचा.

तो आमचे मॅनेजर घ्यायचे. मी शेजारी बसून सॅम्पल हातात धरायचे.

पहिल्या दिवशी मॅडमनी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाल्या, घरी जा आणि कुणाचे तरी आभार माना. कुठल्याही भाषेत.

मी सासूबाईंच्या हातून चहा घेतला आणि 'थँक्यू आई' म्हटलं.

"काय गं, मी पावणी हाय व्हय तुझी?"

जेवणापर्यंत बोलल्या नाहीत.

क्लासमध्ये हे सांगितलं. मॅडम टेबलावर हात आपटून हसल्या.

"छान. आता इंग्रजी सुरू करू. आपल्यात आभार मानले की माणूस परका होतो. त्यांच्यात नाही मानले तर होतो."

मग म्हणाल्या, समोरच्यानं काय केलं आणि त्यामुळे तुमचं काय झालं, एवढंच इंग्रजीत सांगा. थँक्यू शेवटी. विसरलात तरी चालेल.

अख्खा क्लास एकदम बोलायला लागला. टेन्स चुकत होते. कुणी थांबत नव्हतं.

त्याच सुमारास कस्टमरचा इंजिनिअर फौंड्रीत आला, अँड्र्यू. आमच्या एका लॉटमध्ये कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या लोखंडी भागांना, छिद्रं निघाली होती. सगळा लॉट तो परत पाठवू शकला असता. त्याऐवजी भट्टीच्या उकाड्यात उभा राहिला, एकेक कास्टिंग तपासलं, चांगली वेगळी काढली.

शिफ्ट बंद पडायची वाचली.

मॅनेजरनी त्याला मटणाचं ताट दिलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, परत तांबडा. वाटी रिकामी होऊ दिली नाही. निघताना गुळाची ढेप.

तोंडानं कुणी काही बोललं नाही. आमच्या बाजूनं सगळं पोचलं होतं.

त्यानंतर अँड्र्यू कॉलवर तुटक झाला. नवीन पार्टची ऑर्डर दुसरीकडे चाललीय, असं कानावर आलं.

"एवढा रस्सा प्याला, तरी तोंड वाकडंच," मॅनेजर म्हणाले.

मला कळलं काय झालंय. उभी राहिले आणि म्हटलं, पुढचा कॉल मला द्या.

"आणि बिघडला तर?"

"बिघडलेलाच हाय की, सर."

कॉल लागला. मी इंग्रजीत सांगितलं. तुम्ही स्वतः उभं राहून आमची कास्टिंग तपासली. त्यामुळे आमची माणसं दुसऱ्या दिवशी कामावर आली. आमच्याकडे हे बोलत नाहीत, वाढतात. ते ताट म्हणजे आमचं बोलणं होतं.

मॅनेजर माझ्याकडे बघतायत.

मग अँड्र्यू म्हणाला, "मला वाटलं, खराब मालही पास करावा म्हणून खायला घालताय."

आणि हसायला लागला. मॅनेजरही हसले. नवीन पार्टचं ड्रॉइंग त्याच आठवड्यात आलं. तेव्हापासून कॉल माझा.

गेटबाहेर येऊन मॅडमना फोन केला. मी ओरडतच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यांच्या घरी आभार कसे मानतात, ते विचारलंस का?"

नव्हतं विचारलं.

पुढच्या कॉलला विचारलं. अँड्र्यू म्हणाला, थँक्यू आम्ही दुकानात म्हणतो, ऑफिसात म्हणतो. माझे वडील शेजाऱ्याला कधीच म्हणाले नाहीत. सकाळी लवकर उठून त्याच्या दारातला बर्फ काढून ठेवतात.

मी क्लासला जाऊन हे सांगितलं, तेव्हा मॅडम खुर्चीतून उठल्याच.

"बघ," म्हणाल्या. "बघ."

मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीचा नमस्कार घ्या. सावकाश जा.