बारावी चकती

बेळगुंदीच्या डोंगरावर सरकारनं फार पूर्वी प्रयोगापुरती पाइनची झाडं लावली होती. बारा वर्षांमागं वादळात त्यातलं एक आडवं झालं. बेळगावच्या कॉलेजातल्या पारमिता मॅडमनी ते जागेवरच कुजू द्यायचं ठरवलं. दर शिमग्याला, रान कोरडं असताना, त्याची एक चकती कापून द्यायचं काम राखणदार मष्णूकडं आलं. मॅडमनी त्याला समजावलं होतं : लाकूड कुजताना हलकं होतं, पण त्यातला नत्र सहजी जात नाही, उलट बुरशी मातीतूनही तो ओढून आणते. म्हणून ओंडका जितका भुसभुशीत, तितका त्यात नत्राचा वाटा मोठा. अकरा वर्षं आकडा चढत आला होता. बारावी चकती शेवटची, आणि मष्णूच्या नोकरीचंही हे शेवटचं वर्ष.

धुळवडीच्या सकाळी तो करवत घेऊन डोंगर चढला, तर ओंडका गायब! तो तसाच होळीच्या माळावर आला. तिथं गावातला युवराज राख सारत होता.

"माझा ओंडका कुठं हाय रं?"

"आणला की काल. पण जळतोय कुठला! नुसता धूर, तुझ्यासारखा."

"त्यावर ठोकलेला नंबराचा पत्रा दिसला न्हाय व्हय?"

"दिसला की. होळीला पळवलेलं लाकूड परत मागायचं न्हाय, अण्णा. गेल्या साली माझं दार पळवलं, तवा तूच म्हणालतास."

त्या दाराचं एक टोक मष्णूनंच धरलं होतं.

ओंडक्याचा एक तुकडा बाजूला पडला होता. वरून काळा, आतून तपकिरी, ओलसर. अजून चकती निघाली असती आणि कुणाला कळलंही नसतं. त्यानं फोन लावला.

"मॅडम, वरनं होरपळलंय, आतनं चांगलं हाय. कापू?"

"आगीत होतं?"

"...व्हय."

"मग नको, अण्णा. आकडा बिघडेल. बाराव्या वर्षाचा रकाना मोकळा ठेवू. वाईट वाटून घेऊ नका."

बारा वर्षं ओंडक्याची राखण, पावसाळ्यातल्या जळवा, काटे, आणि हाती मोकळा रकाना! कालच चढला असता तर? पण पोळी खाऊन लोळत पडला होता.

"पोळी खा, अण्णा," युवराज म्हणाला.

"ठेव ती. परत मागायचं न्हाय, पण शिमग्यात शिव्यांना काय बंदी न्हाय."

आणि मष्णूनं शिव्यांना सुरुवात केली. लोक हसू लागले. त्यातल्या निम्म्या आपल्यालाच लागू आहेत, हे त्याला कळत होतं. म्हणून त्या तो जास्तच जोरानं देत होता.