कचकड्याची कॉलर

हौसा परटीण दमलेली नाही, असा दिवस रत्नागिरीत कुणी पाहिला नव्हता. नवरा भागोजी एके काळचा नावाजलेला परीट, पण उजवा हात लुळा पडल्यापासून ओटीवर बसून नुसत्या सूचना देई. धुणं, खळ, इस्त्री, घरोघर कपडे पोचवणं, सगळं हौसाच्या अंगावर. वर या सूचना! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

तिची आई दाभोळला अंथरुणाला खिळली होती. ‘एकदा तोंड दाखवून जा’ असा निरोप येऊन होळी उलटली, तरी कामातून पाय निघेना. शेवटी आज दुपारच्या आगबोटीनं जायचंच असं तिनं ठरवलं. गाठोडं बांधून झालं. हमिदाबीच्या मुलाच्या, मुसाच्या निकाहाचे कपडे तेवढे राहिले होते. संध्याकाळीच निकाह, म्हणून ते देऊनच निघायचं होतं.

मुसा जहाजावर खलाशी. त्याच्या कपड्यांच्या घडीत सदऱ्याला वरून लावायची एक सुटी, पांढरीशुभ्र कॉलर निघाली. ताठ, गुळगुळीत, चकचकीत. हौसा बघतच राहिली. अशी खळ तिला जन्मात जमली नव्हती. मुंबईच्या कुठल्या परटानं केली असेल मेल्यानं? तिचा जीव जळला. आपलाही एक हात फिरवून दाखवू, म्हणून तिनं निखाऱ्यांनी तापलेली इस्त्री कॉलरवर टेकवली. नसती उठाठेव, दुसरं काय!

चर्र झालं. कापरासारखा वास घरभर पसरला आणि कॉलर विरघळून इस्त्रीच्या बुडाला चिकटली.

“अगो, ता कचकड्याचा!” भागोजी ओटीवरून ओरडला. “निखारे आधी बाहेर काढ! पेटंल!”

बाहुल्या कचकड्याच्या असतात हे तिला ठाऊक होतं. माणसं ते गळ्यात घालतात हे कुणी सांगितलं होतं? तिनं निखारे चुलीत ओतले. बूड कोमट होतं तोवर बांबूच्या कामटीनं मेण खरवडावं तसं खरवडायला घेतलं. सुरी लावली असती तर पितळेला चरे पडले असते. जाड थर निघाला, पण तपकिरी चिकटा काही सुटेना. तशीच इस्त्री सदऱ्यावर टेकवली तर नवरदेवाच्या पाठीवर डाग. मग तिनं ओल्या गोणपाटावर जाडं मीठ पसरलं, पुन्हा थोडेच निखारे घातले आणि इस्त्री घासत राहिली. खांदे भरून आले. मीठ काळं पडलं की नवं पसरायचं, पुन्हा घासायचं. शेवटी केळीच्या पानावर फिरवली तेव्हा कुठे ती न अडखळता सरकली. कपड्यांना इस्त्री करून ती धावतच हमिदाबीकडे गेली आणि दारातच सगळं कबूल करून टाकलं.

मुसा हसला. “मावशे, तिला इस्त्री नाय लागत गो. ओल्या फडक्यान पुसली की झाला. जाऊ दे, माज्याकडं दुसरी हाय.”

हौसाला हसू आलं नाही. तेवढ्यात बंदरावरून भोंगा ऐकू आला. ती किनाऱ्यावर पोचली तेव्हा प्रवाशांना आगबोटीवर सोडून पडाव रिकामा परतत होता.

घरी येऊन ती जमिनीवरच आडवी झाली. पाठ टेकली आणि अंगभर बरं वाटलं. आता बोटीत दाटीवाटीनं बसायचं नव्हतं, ओकाऱ्या काढायच्या नव्हत्या, आणि दाभोळला उतरून आईचं हगणंमुतणं काढायला बसायचं नव्हतं. सुटले, असं तिच्या मनात आलं. स्पष्ट आलं.

मग तिला रडू फुटलं. ज्या आईसाठी इतके महिने जीव तुटत होता, तिला भेटायचं टळलं म्हणून बरं वाटावं, इतकी आपण दमलो?

“बोट काय, उद्या पन हाय,” भागोजी डाव्या हातानं तिच्या डोक्यावर थोपटत म्हणाला. “रडतंस कशाला?”