मामांचा नेम

आमच्या हिच्या थोरल्या मामांइतका निरुपद्रवी बंदूकवाला पिंपरी-चिंचवडातच काय, अख्ख्या महाराष्ट्रात सापडायचा नाही. मामा पिंपळे गुरवचे मूळ गावकरी. शेतं इमारतींखाली गेली, म्हशी गेल्या, विहीर बुजवून तिच्यावर पार्किंग झालं. पण वडिलांची शिकारी रायफल आणि चाकणच्या पलीकडचा मक्याचा एक तुकडा मामांनी काही सोडला नाही. शेताच्या राखणीसाठी म्हणून बंदुकीचा परवाना वडिलांनंतर त्यांच्या नावावर आला. शिकारबंदीच्या आधी वडिलांनी त्या बंदुकीने काय काय मारलं, याच्या कथा गावातले म्हातारे अजून सांगतात. मामांच्या कारकिर्दीत मात्र तिने कागदी निशाणाशिवाय कशाचीच शिकार केली नव्हती. पण त्या कागदावर मामांचा काय जीव!

बंदूक अगदी हलकी. "डोंगर चढताना खांद्याला कळत न्हाई, पन बार काढला की खांद्यालाच कळतं," असं मामा तिचं कौतुक करत. हलक्या बंदुकीचा नेम राखणं जड बंदुकीपेक्षा अवघड असतं, हे त्यांनी मला माझ्या साखरपुड्यातच समजावलं होतं. तिची नळी पातळ, लगेच तापते आणि तापली की गोळी भलतीकडे जाते. म्हणून नेमबाजीच्या रेंजवर तीन बार झाले की मामा बंदूक सावलीत ठेवत आणि शेजारी निवांत बसून राहत. "गार हू दे तिला." त्यावर मामी म्हणायच्या, "मी तापले की मातुर एवढी वाट कुनी बघत न्हाई." नळी लाकडाला कुठेही टेकता कामा नये, हा मामांचा दुसरा हट्ट. दोन्हींच्या मधून ते कागदाची पट्टी सरकवून बघायचे आणि त्यासाठी घरात येणारी प्रत्येक लग्नपत्रिका कापायचे. "जावईबापू, तुमची पत्रिका लई बेस व्हती," भरल्या घरात ते मला म्हणाले होते, "आरपार गेली!" निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलिसांकडे जमा कराव्या लागतात. मामा जमा करून आले आणि दुसऱ्याच दिवशी परत गेले, तिला भेटायला. हवालदाराने हात जोडले. "काका, जेवायला घालायचंय का हिला?" मामा गंभीरपणे म्हणाले, "न्हाई, फकस्त उभी ठेवा. आडवी पडून लाकूड वाकतं."

असा हा माणूस गेल्या वर्षी बिघडला. म्हणजे मामांच्या मते बंदूक बिघडली. एका पेढ्याखाली झाकली जातील अशी तीन भोकं पाडणाऱ्या मामांच्या गोळ्या एकाएकी कागदभर पसरायला लागल्या. मग सुरू झाल्या दुरुस्त्या. स्क्रू बदलले. लाकूड आतून घासलं. दस्त्याला रबर बसवलं. पिंपरीच्या बाजारातून आणलेल्या तऱ्हेतऱ्हेच्या तेलांनी घराला गॅरेजचा वास यायला लागला. काडतुसं बदलली, चाप हलका करून घेतला. मी चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे घरचा तज्ज्ञ म्हणून मलाही वेठीला धरलं. "तुमच्यात गाडी सरळ चालंना झाली की काय करत्यात?" त्यांनी विचारलं. "आधी ड्रायव्हरला विचारतो," मी सहज बोलून गेलो. त्यानंतर बरेच दिवस मामा माझ्याशी फक्त मामींच्या मार्फत बोलत होते.

रेंजवर मी नेहमी त्यांच्या मागे, दुर्बिणीतून निशाणाचा कागद बघत उभा असे. एका रविवारी मामी डबा घेऊन सोबत आल्या आणि कानात कापूस घालून बाजूच्या बाकावर बसल्या. मामांनी बार काढला. गोळी कागदाच्या कोपऱ्यात. दुसरी तर कागदाबाहेरच. मामींनी कापूस काढला.

"अहो, बार काढताना डोळे मिटताय तुमी."

"कोन, मी?"

"तुमीच. लग्नाच्या फोटूत मिटले व्हते, तस्सेच."

मला हसू आलं, पण मामांचा चेहरा बघून ते विरलं. त्यांनी बंदूक रिकामी केली, खाली ठेवली आणि बराच वेळ तळहात पँटला पुसत राहिले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "गेल्या साली डुकरांनी मका लोळवला, तवा वनखात्याची परवानगी काढली व्हती. सकाळच्या पारी मका हालला. मी नेम धरला, चापाला बोट लावलं. डुक्कर दिसलं न्हवतं, नुसता मका हालला व्हता. आन् मक्यातनं मानूस उभा राहिला. अंगावर कंपनीचा ड्रेस, कानाला फोन. फर्स्ट शिफ्टला आडवाटेनं निघालेला." त्यांनी बंदुकीकडे बोट केलं. "तवापास्नं बार काढायला गेलो की त्यो उभा ऱ्हातोय."

वर्षभर हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मामींनी एवढंच विचारलं, "त्यो मानूस घरी गेला ना?"

"गेला की. त्याला पत्त्याबी न्हाई. जाताना 'रामराम काका' म्हनला."

"मंग झालं तर. उघडा डोळे."

मामांनी श्वास सोडला. एवढा लांब श्वास मी कुणाला सोडताना ऐकला नव्हता. मग त्यांनी बंदूक उचलली. मी दुर्बिणीला डोळा लावला खरा, पण बघत होतो मामींकडे. त्या निशाण सोडून नवऱ्याच्या डोळ्यांवर नजर रोखून बसल्या होत्या. तीन बार झाले. "उघडे व्हते," मामी म्हणाल्या. गोळ्या कुठे लागल्या, हे मामांनी त्या दिवशी पहिल्यांदाच विचारलं नाही. लागल्या होत्या चांगल्या.

परतताना बंदूक पेटीत घालून डिकीत ठेवली आणि मागच्या सीटवर मामा मामींच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपले. बाहेर पूर्वीच्या शेतांच्या जागी कंपन्यांच्या शेड एकामागून एक सरकत होत्या. "वरीसभर रोज झोपेत दचकायचे," मामी हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, वयानं व्हत असंल."

चाकणच्या चौकात नेहमीसारखे कंटेनर अडकले होते. पुढची गाडी जागची हलत नव्हती, मागचे सगळे हॉर्नवर हॉर्न देत तापले होते. मी हॉर्नवरचा हात काढून घेतला आणि तसाच थांबलो.