लेसचा खड्डा

डनॉली गावाभोवतीच्या सोन्याच्या रानात वर्ना ट्रेलोरला ओळखत नाही असा माणूस दाखवा! सत्तरी आली, गुडघे कुरकुरतात, पण सोनं शोधायचं यंत्र हातात घेऊन बाई निघाली की तरण्याताठ्यांची दमछाक. आता तीस वर्षांत मिळालं काय म्हणाल, तर तांदळाच्या कण्यांसारखं चिमूटभर सोनं, आणि गंजके खिळे, काडतुसं, डब्यांची झाकणं ढिगानं. डोळे दिपावेत असा खडा एकदाही नाही.

लेस पास्को हा तिचा रानातला जुना सोबती. येता-जाता चिडवायचा, "वर्ना, भंगाराचं दुकान टाक आता!"

"टाकते की. पहिला तुलाच वजनावर घालते," ही म्हणायची.

त्या सकाळी दोघं जवळजवळच शोधत होते. लेस खणत होता, आणि त्याच्या कुदळीचा आवाज एकदम थांबला. वर्ना धावत गेली तर हा छाती धरून बसलेला, चेहरा पांढराफटक. तिनं त्याला ओढत गाडीत घातलं आणि मेरीबरोच्या दवाखान्याची वाट धरली. वाटेत हा पुटपुटतोय, "कुदळ... खड्ड्यातच राहिली."

"गप रे! आधी जीव सांभाळ."

डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं. संध्याकाळी त्याचं सामान आणायला ती रानात परतली, आणि सहज आपलं यंत्र खड्ड्यावरून फिरवलं. अगं बाई! यंत्र वाजलं! लोखंडावर ते कसं खरखरतं. हा आवाज खोल होता, गोड होता. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो हाच, हे तिला लगेच कळलं.

खोटं कशाला बोलू, हात शिवशिवले तिचे. बघायला कोण होतं? पण खड्ड्यात कुदळ उभी असली की त्याचा धनी परत येणार, आणि तोवर कुणी हात लावायचा नाही, ही या रानाची रीत. वर्नानं घडीची खुर्ची आणली आणि खड्ड्याशेजारी मुक्कामच ठोकला.

दुसऱ्या दिवशी शहरातले दोघे आले, कोरी करकरीत यंत्रं घेऊन. "आजी, खड्डा तुमचा का?"

"नाही."

"मग आम्ही जरा बघतो."

"बघा की. आधी मला खुर्चीसकट उचला!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काढता पाय घेतला.

आठवड्यानं लेसचा फोन आला. आवाज पार खचलेला. "आता जन्मात कुदळ धरायची नाही, म्हणतात डॉक्टर. तू खण. निघेल ते तुझं."

"माझं-बिझं काही नाही. तू इथं येऊन खुर्चीत बस. खणते मी."

तो आला, बसला. वर्ना तांबड्या मातीत गुडघे टेकून खणत राहिली. कोपरापर्यंत हात आत गेला आणि बोटांना काहीतरी जड लागलं. कोंबडीच्या अंड्याएवढा खडा! तिनं तो पुसलासुद्धा नाही, तसाच लेसच्या तळहातावर ठेवला. म्हातारा ढसाढसा रडला.

"खाली काय आहे, तुला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"पहिल्याच संध्याकाळी आवाज ऐकला होता."

"आणि तरी नुसती बसून राहिलीस?"

"मग काय करू? कुदळ तुझी होती ना!"

"निम्मा घे, वर्ना."

"नको. बिअर पाज."

गावातल्या दारूच्या गुत्त्यात लेसनं खडा टेबलावर ठेवला आणि सगळी हकिगत सांगितली. लोकांनी खड्याकडे पाहिलं न पाहिलं, आणि एकेक जण वर्नाकडे वळून उठून उभा राहिला. तिचा ऊर असा भरून आला, की तो खडा स्वतःचा असता तरी आला नसता. पण बाई कसली कबूल करतेय!

"बघताय काय नुसते?" ती खेकसली. "माझा ग्लास रिकामा आहे."