जोधपूरच्या उन्हातली आमसुलं

दमट हवेत माझे गुडघे धरायचे, म्हणून निवृत्तीनंतर रत्नागिरीचं घर विकून आम्ही दोघं मुलाकडे जोधपूरला आलो. पहिल्याच मे महिन्यात भाचा गावाहून टोपलीभर रातांबे घेऊन आला. बायकोने ते फोडून सालींना मीठ लावलं आणि मी त्या गच्चीत वाळत घातल्या. दुपारी बघतो तर साली खापरीसारख्या कडक! आमच्याकडे आमसुलांना आठवडा लागतो. साल रोज रसात बुडवायची, रोज उन्हात घालायची, तेव्हा कुठे ती काळी, मऊ होते. इथे रस मुरायच्या आधीच सगळं करपलं.

मुलगा हसत म्हणाला, "बघा बाबा, एका दिवसात काम झालं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कसलं डोंबलाचं काम? ह्या मेल्या उन्हाला घाई, आणि तुलाही घाई, आम्हाला इथे आणून टाकायची!" मी परात आपटली.

सांडलेल्या साली गोळा करत बायको म्हणाली, "त्याच्यावर कशाला ओरडताय? तो थांबा म्हणत होता. घर विकायची घाई तुम्हाला झाली होती. मला तर तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत."