बेलभंडार उचलण्याआधी

मोहिमेवरून माणसं जखमा घेऊन येतात. आमच्याकडे जखम बरी झाली आणि अफू राहिली. मांडीच्या दुखण्यावर छावणीत कुणी औषध म्हणून दिली, ती ह्यांना काही केल्या सुटेना. पागेच्या जमादारांनी घोडा काढून घेतला. "घोड्यावर डुलक्या घेणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत," असं वर ऐकवलं. पुण्यातले ना, नुसतं 'नाही' कसं म्हणतील!

मग ह्यांनी अफू सोडली. ओकाऱ्या, घाम, शिव्या, सगळं मी सोसलं. शेवटी जमादार म्हणाले, खंडोबापुढे बेलभंडार उचला आणि घोडा न्या. बेल आणि हळद हातात घेऊन खोटं बोललं की निर्वंश होतो, हे नारायण पेठेतलं शेंबडं पोरही जाणतं. घोडा आला तरच आमची चूल पेटणार होती. घरात अफूचा कणही नाही, असं सासूबाईंनी जमादारांना ठासून सांगितलं होतं.

हे ओलेत्याने देवापुढे उभे राहिले. पुजाऱ्यांनी तबक पुढे केलं. जमादार आणि सासूबाई आत उभे होते, मी बाळाला घेऊन दाराशी होते. ह्यांचा हात पुढे गेला आणि तबकावरच थांबला. अहो, उचला एकदाचं, असं मी मनात ओरडत होते. शपथ खोटी असती तरी त्या घटकेला मला चाललं असतं.

"नाही उचलत," हे म्हणाले. "काल खाल्ली."

जमादारांनी सासूबाईंकडे पाहिलं. "घरात कणही नव्हता ना?"

"बाळाच्या मात्रेसाठी उगाळलेली होती," हे म्हणाले. "सहाण चाटली मी."

सासूबाई फणकारल्या, "ती काय अफू झाली? बाळाचं औषध ते!"

"मलाही औषध म्हणूनच दिली होती, आई."

माझा नुसता संताप झाला होता. खरं बोलायला हाच मुहूर्त सापडला ह्यांना! जमादार जोडे घालता घालता म्हणाले, "घोडा मिळणार नाही. खरं बोललात, त्याचं देव बघून घेईल."

घरी येताना बाळ कुरकुरू लागलं. जांभया, घाम, गळणारं नाक. मात्रेला उशीर झाला की रोजच असं व्हायचं. मी दृष्ट काढायचे, मीठमोहऱ्या चुलीत टाकायचे. पोर निजलं की दळण होतं, म्हणून घरोघरी देतात तशी मीही अफू देत होते. अशाच जांभया आणि असाच घाम मी श्रावणभर ह्यांच्या अंथरुणाशी बसून पुसला होता. रस्त्यातच थांबून मी बाळाचं कपाळ पदराने पुन्हा पुसून पाहिलं.

वैद्यांनी मात्रा रोज थोडी उतरवायला सांगितली. हे सकाळी देवळात जाऊन आदल्या दिवशीचं खरं काय ते सांगून येत. कधी मान खाली घालून परतत, तेव्हा काल पुन्हा खाल्ली, हे मला कळे.

एका दिवेलागणीला पोर रडून निळं पडलं. "एवढीशी दे गं, मरेल ते," सासूबाई रडू लागल्या. माझा हात सहाणेकडे गेलाच. ह्यांनी बाळाला माझ्याकडून घेऊन उघड्या छातीशी धरलं. ह्यांचे स्वतःचे दात वाजत होते.

"रड, राजा," हे म्हणाले. "तुला काय होतंय, ते ह्या घरात मला एकट्यालाच कळतंय."