ढोलाच्या पुढे कोणी जात नाही

जानेवारीतला दुसरा शनिवार. हातातलं काम: वसईतल्या एका गृहस्थांचा गुडघा त्यांच्या नकळत तपासणे.

मी नाशिकला फिजिओथेरपी करते. लोकांचे सांधे वाकवायचे आणि त्यांची बोलणी खायची, हा माझा धंदा. पेशंटच्या नकळत तपासणी करायची पद्धत आमच्यात नाही. पण फिलोमिनाने फोनवर सांगितलं, "सांगून केलीस तर ते ढोलाची काठी घालतील डोक्यात." फिलोमिना माझ्याबरोबर हॉस्पिटलात नर्स होती. निवृत्त होऊन ती वसईला माहेरगावी परतली आणि गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवू लागली. हा बँड दरवर्षी एक कार्यक्रम करतो आणि त्यातून जमलेले पैसे कुणा गरजूला देतो. यंदा मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मी संगीतप्रेमी आहे, हे मला निमंत्रणपत्रिका वाचून कळलं.

एस.टी.ने वसई फाट्यावर सोडलं. तिथून रिक्षाने वालीवमधून निघाले. दोन्ही बाजूंना पत्र्याचे गाळे, लेथची घरघर, रस्त्यातच लावलेले टेम्पो. रिक्षावाल्याने खड्डे चुकवणं सोडून दिलं होतं, त्यातले बरे खड्डे तो निवडत होता. रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला आलं की हवा जरा बदलते. केळीच्या वाड्या, विहिरी, माडांची रांग. प्रत्येक वाडीमागे एक टॉवर आणि टॉवरवर फलक: 'निसर्गाच्या कुशीत घर'. उरलेला निसर्ग त्या फलकाच्या सावलीत होता.

फिलोमिनाच्या ओट्यावर चहाबरोबर फुगे आले (मैदा आंबवून तळलेले गोळे, पोकळ आणि फसवे, किती खाल्ले ते उठताना समजतं). तिथेच तिने सगळं प्रकरण समजावलं.

गुडघा पास्कूकाकांचा. ते बँडचा मोठा ढोल वाजवतात. इतरत्र ढोल मागे असतो, या गावात तो सगळ्यांत पुढे. वाड्यांमधल्या वाटा अरुंद आणि वळणावळणाच्या, समोरून येणाऱ्याला आधी ढोल दिसावा म्हणून ही रीत पडली. ढोलाच्या पुढे कोणी जायचं नाही, नवरीनेसुद्धा नाही. ढोलाची चाल ती गावाची चाल.

"आणि ढोलाचा गुडघा गेला," फिलोमिना म्हणाली. "आता नवरी चर्चमध्ये पोचते तोवर फादर तयार केलेला उपदेश विसरून जातो. मयताला निघालो तर कबरस्तानात अंधार पडतो."

"त्यांना सांगत का नाही?"

"कोण सांगेल? गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी वाजवायला शिकवलंय."

तेव्हा बँडने ठरवलं होतं की यंदाचे पैसे काकांच्या ऑपरेशनसाठी. पण आपला बँड आपल्या माणसासाठी हात पसरत नाही, हा काकांचाच जुना नियम. म्हणून बँडने एक माणूस निर्माण केला: सफाळ्याचा एक म्हातारा सनईवाला, पाय गेलेला. काकांना त्याचा इतका कळवळा आला की वर्गणी मागायला ते स्वतः दारोदार फिरले. त्याच गुडघ्यावर.

संध्याकाळी त्यांची माझी ओळख करून दिली. उंच, काटकुळे, इस्त्रीचा पांढरा सदरा. मी त्यांची चाल पाहत होते. उजवा पाय टाकताना अख्खं शरीर डावीकडे झुकत होतं. तपासणी तिथेच संपली.

"पाहुनीबाई, नाशिकहून आल्यात म्हनजे पैसे देऊनच जा," ते म्हणाले. "गरीब मानूस हाय सनईवाला."

"पायाला काय झालंय त्याच्या?"

"गुडघे. पन मी या पोरांना विचारतो, सनईवाल्याला गुडघे कशाला लागतात? तो तर बसूनच वाजवतो." त्यांनी मान हलवली. "जाऊ दे. दुखत तर असेलच बिचाऱ्याला."

यानंतरची चूक माझी. फिलोमिनाला बाजूला घेऊन मी म्हणाले, "यांना उभं राहून वाजवू देऊ नकोस. ढोल स्टँडवर ठेव आणि खुर्ची दे." बँड आजवर उभा राहूनच वाजवत आला होता. फिलोमिनाने सगळ्यांनाच खुर्च्या दिल्या, कुणाला संशय नको.

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर होता. मी नारळ स्वीकारला, चार वाक्यं बोलले, बसले. बँडमास्तर आल्फी (एरवी वालीवला त्याचा स्प्रिंगा बनवायचा गाळा आहे) याने हात उचलला आणि मार्च सुरू झाला.

काकांनी ढोलावर पहिला ठोका टाकला, मग दुसरा, आणि बँड दचकला. बसलेल्या माणसाला गुडघा नसतो, दोन हातच असतात, आणि काकांचे हात उत्तम होते. त्यांनी तो मार्च त्याच्या मूळ वेगाने घेतला. बाकीचे कित्येक वर्षं त्यांच्या पायाच्या वेगाने वाजवत आले होते. ट्रम्पेटवाले लालबुंद झाले. फिलोमिनाच्या क्लॅरिनेटने कोंबडीसारखा आवाज काढला. सॅक्सोफोनने मधल्या दोन ओळी गाळल्या आणि शेवटाशी जाऊन वाट पाहत बसला. लोकांना वाटलं, काहीतरी आधुनिक आहे. टाळ्या जोरात पडल्या.

मध्यंतरात स्टेजमागे काका उभे होते. "काय रे आल्फी, दम नाय उरला?"

"काका, तुम्हीच एकदम पळवलंत."

"पळवलं? ही त्याची चाल हाय. मीच शिकवलीय तुला."

"मग इतकी वर्षं..." आल्फी थांबला. पण थांबायला उशीर झाला होता. "इतकी वर्षं आम्ही तुमच्या पायाने वाजवतोय, काका."

काका त्याच्याकडे बघत राहिले. "मला वाटलं, तुमचा दम गेला," ते म्हणाले. "टॉवरात राहायला गेलात, बसून कामं करता, म्हनून उभ्यानं वाजवताना मी हळू घेत होतो. तुमच्यासाठी."

सॅक्सोफोनवाला वाद्य पुसू लागला. ते आधीच पुसलेलं होतं.

"आनि सफाळ्याचा सनईवाला?" काकांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेरचा माणूस अशा वेळी उपयोगी पडतो.

"तुम्हीच," मी म्हणाले. "मी फिजिओथेरपिस्ट आहे. उजवा गुडघा झिजलाय, डावा त्याच वाटेवर आहे. ऑपरेशन लांबवलंत तर ढोल कायमचा खुर्चीवर."

त्यांनी ढोलाची काठी काखोटीला मारली आणि फाटकाच्या दिशेने निघाले. फिलोमिनाने माझा दंड धरला. मला वाटलं, गेला कार्यक्रम. पण फाटकापाशी ते वळले. "लोकांनी पैसे दिलेत," ते म्हणाले. "वाजवायला तर पायजे."

उत्तरार्धात त्यांनी एकही ठोका हळू घेतला नाही. बँड त्यांच्यामागे धापा टाकत राहिला आणि शेवटच्या गाण्यात थोडासा पोचलादेखील.

नंतर भुजिंगाची पानं वाढली (निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी आणि तिच्या मसाल्यात परतलेले पोहे). काका माझ्यासमोरच बसले.

"आपला बँड आपल्या मानसासाठी मागत नाय," ते म्हणाले.

"मग लोकांना काय सांगणार? सनईवाला सफाळ्यात सापडला नाही?"

त्यांनी बराच वेळ कोंबडीचं हाड बघितलं. "बघू."

घरी जाताना फिलोमिना म्हणाली, "आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही." मग जरा थांबून, "पण वाईट आम्हालाच वाटायला हवं. प्रेमाने आम्ही त्यांना पांगळं केलं." मी म्हटलं, पांगळं झिजेने केलंय, तुम्ही फक्त कळू दिलं नाहीत. अख्खं गाव एका माणसासाठी सावकाश चालतं, हे ऐकायला छान आहे. उपचार म्हणून शून्य.

सकाळी मी परतीची एस.टी. सोडून दिली, नाक्यावरच्या एक्स-रेवाल्याला फोन केला, गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी केली आणि पास्कूकाकांचं दार वाजवलं. ते इस्त्रीच्या सदऱ्यात तयार होते, पण एक्स-रेचं नाव काढताच चर्चला निघालोय म्हणाले. आम्ही वाटेला लागलो. माझ्या सवयीने मी पुढे झाले.

"बाई," मागून आवाज आला, "ढोलाच्या पुढं जायचं नसतं."

"ढोल घरी आहे," मी म्हणाले आणि चालत राहिले.

मागच्या चपला थांबल्या. मग पुन्हा वाजू लागल्या, एक जड, एक हलकी. चर्चकडे वळायची वाट आली. चपला वळल्या नाहीत.

रिक्षावाल्याने विचारलं, "कितने लोग?"

"दोन," मी म्हणाले आणि मागे न बघता आत सरकून बसले.